हसून झाल्यावर...

खरं सांगा, आपल्याला हसवणाऱ्या माणसाला आपण कधी सीरियसली घेतो का?

लिव्हरपूलचं ‘द स्कॅफोल्ड’ हे त्रिकूट घ्या. कवी रॉजर मॅकगॉफ, जॉन गॉर्मन आणि माइक मॅकगिअर. हा माइक म्हणजे बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचा सख्खा भाऊ. पण भावाच्या नावावर मोठं व्हायचं नाही म्हणून पठ्ठ्यानं आडनावच बदललं! १९६८च्या ख्रिसमसला त्यांचं ‘लिली द पिंक’ ब्रिटनमध्ये नंबर वन होतं. पुढच्या दशकात ग्रुप संपला. मॅकगॉफ पुढे कवी म्हणून गाजला, पण स्कॅफोल्ड म्हटलं की आधी आठवते ती लिलीच. विनोदी शिक्का एकदा बसला की बसला.

आपल्या पुण्याच्या जोडीनं मात्र हा शिक्का बसूच दिला नाही. २००३मध्ये संदीप खरे आणि डॉ. सलील कुलकर्णी यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू केलं. एक कवी, एक संगीतकार, दोघंही गाणारे. ‘अग्गोबाई ढग्गोबाई’वर पोरंटोरं नाचली आणि ‘दूरदेशी गेला बाबा’नं त्याच पोरांच्या नोकरीवाल्या आईबाबांचे डोळे पुसायला लावले. पुढे सलीलनं सिनेमेही केले. त्याच्या ‘एकदा काय झालं’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण माझ्या मते या जोडीची खरी कमाल आहे ‘मी मोर्चा नेला नाही’. कधी कशाच्याच अध्यात-मध्यात न पडलेला माणूस त्यात आपली कहाणी सांगतो. आपण खो खो हसतो.

आमचा दिघीचा रूममेटही हसायचा. रोज सकाळी मॅगझिन चौकात चाकणची कंपनी बस पकडायची, कानात इअरफोन आणि हे गाणं. ‘अरे, हा तर आमचा साहेब!’ असं म्हणून मलाही ऐकवायचा.

मग एका सोमवारी त्याच्या लाइनवरच्या चार कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना एका दिवसात घरी बसवलं. त्यातल्या एकानं जाताना याच्याकडे नुसतं बघितलं. हा काही बोलला नाही. ईएमआय चालू आहे ना!

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तेच गाणं लागलं. ‘अर्ध्यातच बंद केलं यार,’ तो रात्री म्हणाला. ‘तो साहेब नव्हता. मीच होतो.’

मी काय बोलणार? मी फ्रीलान्सर. मोर्च्याची बातमी लिहितो, मोर्च्यात जात नाही.

त्यानं मात्र फोन उचलला, त्या चौघांपैकी एकाला लावला आणि ‘दुसरीकडे शब्द टाकतो’ म्हणाला. मोर्चा नव्हे, पण काहीतरी.

गंमतीचं गाणं हे असं असतं. आधी हसवतं, मग घरापर्यंत सोबत येतं. तुमच्या कानात सध्या कुठलं वाजतंय?