'समाजशास्त्रज्ञ' ही पदवी की पदावनती?

१९७६ साली रोलाँ बार्त यांनी क्लेर ब्रेतेशेर यांना त्या वर्षातील सर्वोत्तम समाजशास्त्रज्ञ म्हटले. २०२० मध्ये दिवंगत झालेल्या या फ्रेंच चित्रकथाकर्तीविषयी लिहिताना ते विधान उद्धृत करण्याचा प्रघातच पडला आहे. बार्त यांचा हेतू गौरवाचा होता, याबद्दल शंका नाही. परंतु त्या गौरवाच्या आडोशाने समीक्षेने स्वतःची जी सोय करून घेतली, तिला माझा आक्षेप आहे. समाजाची माहिती मिळाली की कलाकृती वाचून झाली, असे तिने मानले.

१९७३ पासून 'नूव्हेल ऑब्झर्वातूर' या साप्ताहिकात ब्रेतेशेर यांची 'ले फ्रुस्त्रे' ही मालिका येऊ लागली. पुरोगामी, सुशिक्षित पॅरिसकरांचे दांभिक वैफल्य हा तिचा विषय; म्हणजे बहुतांशी त्या साप्ताहिकाचा वाचकच तिचे लक्ष्य. पण तेवढेच सांगून थांबणारा समीक्षक पान पाहतच नाही. तोच सोफा, तीच कलंडलेली माणसे, पार्श्वभूमी जवळजवळ कोरी. चौकटीमागून चौकट जाते आणि बदलतो तो फक्त एखाद्या मनगटाचा बाक किंवा पापणीचा कोन. माणसे क्रांतीविषयी बोलत राहतात आणि शरीरे जागची हलत नाहीत. उपहास संवादात नाही. संवाद आणि स्थिर रेषा यांच्यातील अंतरात आहे. हे सर्वेक्षण नव्हे, ही रचना आहे.

'आग्रिपीन' (१९८८) हा तर निर्णायक पुरावा. या मालिकेतील किशोरवयीन नायिकेची बोली कानांनी टिपलेली नाही. तिच्यातील कितीतरी शब्द ब्रेतेशेर यांनी स्वतः घडवले. समाजशास्त्रज्ञ बोली नोंदवतो, ती निर्माण करीत नाही. ते काम लेखकाचे.

शिवाय ही लेखिका आपल्या व्यवसायाबाबतही कोणाची आश्रित नव्हती. १९७२ मध्ये गोतलिब आणि मांद्रिका यांच्यासह तिने 'लेको दे सावान' हे नियतकालिक काढले आणि १९७५ पासून आपले संग्रह स्वतःच प्रकाशित केले. इतकी स्वायत्तता कमावलेल्या कलावतीला मोठेपणासाठी दुसऱ्या विद्याशाखेचे प्रमाणपत्र का लागावे?

उत्तर उघड आहे. चित्रकथेला साहित्य म्हणण्याचे धैर्य नसले की तिला दस्तऐवज म्हणणे सोपे जाते. त्यात औदार्यही दिसते आणि दारही बंदच राहते. ब्रेतेशेर यांचा सन्मान करायचा असेल, तर आधी त्यांची रेषा वाचावी. समाज त्या रेषेतूनच दिसेल.