नाव भागीदाराचे, राबणे वेठीचे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या समाजाने धम्मदीक्षा घेतली, ती केवळ देव बदलण्यासाठी नव्हे. मेलेले ढोर ओढणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, रात्री-अपरात्री गावोगाव सांगावा पोचविणे, ही लाचारीची कामे कायमची टाकून माणसासारखे जगण्याचा तो निर्धार होता. भगवान बुद्धांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान आहे. म्हणून आपली मुले पोटासाठी काय करतात आणि कोणत्या अटींवर करतात, हा प्रश्न धम्माच्या बाहेरचा आहे असे नवदीक्षित कुटुंबांनी मुळीच समजू नये.

आज आपले कितीतरी तरुण पुणे, नागपूर, नाशिक, मुंबई या शहरांतून पाठीवर पेटी बांधून मोटारसायकलीवर अन्न व किराणा पोचवितात. कोणी मोबाईलवरील ॲपच्या हुकमावर टॅक्सी चालवितो, तर कोणी भगिनी घरोघर जाऊन केशभूषेचे वा साफसफाईचे काम करते. या कामाला ‘गिग’ म्हणतात. बँडवाला किंवा तमाशाचा फड एका रात्रीची सुपारी घेतो, त्या सुपारीसाठीच इंग्रजीत हा शब्द आहे. काम तेवढ्यापुरते आणि संबंधही तेवढ्यापुरता! नीती आयोगाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते. २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा आयोगाचा अंदाज आहे. तेव्हा हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही.

या कामाची एक जमेची बाजू प्रथम मान्य केली पाहिजे. मुंबईच्या कापड गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घालावा लागतो, त्याने विटाळ होतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. आणि अधिक मजुरी तर त्याच खात्यात होती. आजचे ॲप नाव नोंदविताना जात विचारीत नाही. ज्यांच्या आजोबांना गिरणीच्या एका खात्याचा दरवाजा बंद होता, त्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही. परंतु दरवाजा उघडला म्हणजे आत न्याय मिळाला, असे होत नाही. त्याच गिरण्यांच्या दरवाजावर रोज सकाळी बदली कामगार ताटकळत उभे राहत. जॉबर ज्याला बोट दाखवील तो आत जाई, बाकीचे रिकाम्या हाताने परत जात. आजचा जॉबर मोबाईलमध्ये बसला आहे. त्याला दस्तुरी द्यावी लागत नाही हे खरे. पण तो कोणाला काम देतो, कोणाला देत नाही आणि का, हे विचारण्याची सोय नाही. आयडी बंद झाली की चूल बंद झाली!

कंपन्या म्हणतात, हे आमचे नोकर नव्हेत, हे ‘भागीदार’ आहेत. हवे तेव्हा काम करावे, नको तेव्हा करू नये. या शब्दाने आपण तरी फसू नये, कारण असाच एक भरदार शब्द आपल्या पूर्वजांच्या गळ्यात बांधलेला होता. महारालाही ‘वतनदार’ म्हणत! वतन म्हणजे जणू मालकीच. प्रत्यक्षात कामाला वेळेची मर्यादा नाही, मोबदला इनामाचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते, आणि हुकूम मात्र चोवीस तास. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या गोंडस नावाखालची गुलामी ओळखूनच. ती वतने अखेर १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. नावावरून नव्हे, तर दर कोण ठरवितो, शिक्षा कोण करतो आणि तोटा कोण सोसतो यावरून मालक व मजूर ओळखावा, हाच त्या लढ्याचा धडा आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ साली उबर कंपनीच्या खटल्यात करारातील शब्दांपेक्षा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला आणि भाडे व अटी कंपनीच ठरविते म्हणून चालकांना कामगार मानले. त्यामुळे किमान वेतनाचा व भरपगारी रजेचा हक्क त्यांना लाभला.

आता या पद्धतीचा आपल्या भागातील मजुरीवर काय परिणाम होतो ते पाहू. कारखानदार एक माणूस अधिक घेतो तेव्हा त्याला पगार द्यावा लागतो, म्हणून तो गरजेपुरतीच माणसे घेतो. ॲपच्या कंपनीला मात्र अधिक माणूस नोंदविण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. शंभरांचे काम दोनशेंत वाटले गेले, तरी तिचे नुकसान नाही. उलट ग्राहकाला माल लवकर मिळतो. नुकसान होते ते चौकात मोबाईलकडे पाहत थांबलेल्या तरुणाचे, कारण थांबण्याच्या तासांना दाम नाही. फेरीचा दर तोच राहिला, तरी दिवसाची कमाई उतरते. त्यातून पेट्रोल, गाडीचा हप्ता, दुरुस्ती आणि अपघाताचा खर्च त्याचाच. भांडवल मजुराचे आणि हुकूम कंपनीचा, असा हा उफराटा न्याय आहे.

जेथे धंदे पुष्कळ आहेत तेथे मजूर ही अट झुगारू शकतो. मराठवाडा-विदर्भातील ज्या तालुक्यांत ना कारखाना, ना ओलिताची जमीन, तेथून आलेला भूमिहीनाचा मुलगा काय झुगारणार? उचल घेतलेला ऊसतोड मजूर जसा मुकादमाला बांधला जातो, तसा हा गाडीच्या हप्त्याला बांधला जातो. दुसरीकडे दुकानातील महिनेवारी पगाराची नोकरी या स्पर्धेत टिकणे अवघड होते. आणि सर्वांत मोठी हानी कौशल्याची. तारतंत्री वा फिटरचे शिक्षण घेतलेला मुलगा रोजच्या रोख पैशासाठी पेटी उचलतो. दहा वर्षांनी त्याचे वय वाढलेले असते, विद्या वाढलेली नसते.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. त्याच सुत्तात सेवकानेही काम चोख करावे व दिले तेवढेच घ्यावे, असे सांगितले आहे. कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे. आजच्या व्यवहारात एक बाजू आपले कर्तव्य उन्हापावसात बजावते आणि दुसरी बाजू ‘आम्ही मालकच नाही’ असे म्हणून मोकळी होते. धम्माच्या कसोटीवर हा व्यवहार उतरत नाही.

कायद्याच्या कसोटीवर काय? किमान वेतनापेक्षा कमी दामात घेतलेले काम म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठच होय, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणी सांगितले. परंतु गिग कामगाराला मालक-नोकर नात्याच्या बाहेर ठेवल्याने किमान वेतनाची ती मोजपट्टीच त्याला लागू होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने कंपन्यांवर उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणीचे बंधन घातले. ती रक्कम कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांवर जाणार नाही. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण त्यात वेतनाची हमी नाही आणि कामाच्या तासांना मर्यादा नाही. राजस्थानने २०२३ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्याने, लेखी कारण व १४ दिवसांची सूचना दिल्याशिवाय कामावरून काढता येणार नाही असे ठरविले. महाराष्ट्रातील कामगारालाही याहून कमी संरक्षण असता कामा नये. १९४६ साली मजूरमंत्री बाबासाहेबांच्या विधेयकाने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, त्याच महाराष्ट्राच्या भूमीवर त्यांच्या नातवंडांनी तासांचा हिशेब न मागता राबावे, हे लांच्छन आहे.

आम्ही कष्ट करणाऱ्याला दोष देत नाही. कष्टाच्या भाकरीत कमीपणा नाही. परंतु तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने मनावर घ्याव्यात. पहिली, घरातील अशा कामगाराची ई-श्रम पोर्टलवर नोंद करावी आणि कमाई, खर्च व तास यांचा हिशेब वहीत ठेवावा. हिशेब नसलेल्या माणसाची तक्रार कोणी ऐकत नाही. दुसरी, त्याने संघटनेत जावे, मग शेजारचा सभासद कोणत्याही जातीचा असो. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे दोन शत्रू एकत्रच सांगितले होते. तिसरी, हे काम शिक्षणाची पायरी असेल तर करावे, शिक्षणाची समाधी असेल तर घरच्या वडीलधाऱ्यांनी वेळीच अडवावे. वतन सोडताना आपल्या आजोबांनी हातची भाकरी सोडली होती, ती पुढच्या पिढीने पुन्हा हुकमाची वाट पाहत चौकात उभे राहावे म्हणून नव्हे.