आजी म्हणजे फक्त लाडू नव्हे!



"माझी आजी" या विषयावरचे निबंध तपासायला घेतले की पुढचं वाक्य न वाचताच सांगता येतं. आजीचे केस पांढरेशुभ्र, आजी देवभोळी, आजी लाडू करते, आजी कधीच रागवत नाही. चाळीस वह्या आणि चाळीस सारख्याच आज्या! कुणाचीच आजी खरी वाटत नाही.

स्वीडिश लेखिका हेलेन टुर्स्टेन यांच्या कथा वाचताना मला या वह्या आठवल्या. त्यांचं इंग्रजी भाषांतर २०१८ मध्ये आलं. नायिका मॉड, वय ८८, गोथेनबर्गमध्ये मोठ्या फ्लॅटमध्ये एकटीच राहते. पूर्वी ती भाषा शिकवायची, म्हणजे आपल्याच पेशातली. आणि या बाईंच्या हातून एक नाही, अनेक खून झाले आहेत! पोलीस दारात आले की ती कमी ऐकू येण्याचं, गोंधळल्याचं सोंग घेते. २०२१ च्या दुसऱ्या पुस्तकात तर ती दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासाला निघते आणि जुनी कृत्यं आठवत बसते.

मॉड सुटते ती हुशारीमुळे, पण त्याहून जास्त आपल्या समजुतीमुळे. म्हातारं माणूस म्हणजे बिचारं, निरुपद्रवी, एवढंच आपण धरून चालतो. एका कथेत शेजारचा माणूस बायकोला मारतो आणि मॉड त्याचा काटा काढते. वाचताना आपण चक्क "बरं झालं" म्हणतो! पण तिला त्या बाईची दया आलेली नसते. तिला नाताळात शांतता हवी असते, बस्स. वयामुळे माणूस आपोआप चांगला होत नाही, हे लेखिका हसत हसत सांगून जाते.

हे पुस्तक मोठ्यांसाठीच आहे, मुलांच्या हाती द्यायचं नाही. पण आपण त्यातून एक गोष्ट नक्की घ्यावी. आजीला देव्हाऱ्यात बसवणं हासुद्धा तिच्याकडे न बघण्याचाच एक प्रकार आहे. देव्हाऱ्यातल्या आजीला कुणी काही विचारत नाही.

म्हणून यंदा निबंधाआधी मुलांना तीन प्रश्न घरी विचारायला सांगणार आहे. आजी, तुला कशाचा राग येतो? तुझं कोणतं म्हणणं कुणी ऐकलंच नाही? आणि तू कधी कुणाशी चुकीचं वागलीस का?

आजीने उत्तर टाळलं तर तेही लिहा, असं सांगेन. लाडवांचं वाक्य मात्र खोडून टाकणार!