सात आखूड भोंगे, एक लांब

मला बोटीच्या प्रवासाचं वेड आहे. नवं प्रवासी जहाज बांधायला घेतल्याची बातमी आली की त्याची लांबी-रुंदी, इंजिनं, डेकची रचना हे सगळं मी मुळापासून वाचून काढतो. या वेडामुळे दोन प्रकारच्या लोकांशी माझा सतत वाद होतो. एक म्हणतात, "एवढी अवाढव्य जहाजं म्हणजे संकटाला आमंत्रण. टायटॅनिक विसरलात का?" दुसरे माझ्यासारखेच हौशी. ते म्हणतात, "टायटॅनिकचा काळ गेला. आताच्या जहाजांना काही होत नाही." माझ्या मते हे दोन्ही पक्ष चुकतात आणि दुसऱ्याची चूक अधिक घातक आहे.

आधी पहिल्या पक्षाचं म्हणणं पाहू. 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज जानेवारी 2024 मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. लांबी 365 मीटर, डेक वीस, टनेज 2,48,000 हून अधिक. पाण्यात मात्र ते जेमतेम नऊ मीटर बुडालेलं असतं. फोटो पाहून कुणालाही वाटेल, हा डोलारा वाऱ्याने कलंडणार. पण जहाजाचं टनेज हे वजन नसतं, ते आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. खरं वजन तळाशी असतं : इंजिनं, इंधनाच्या टाक्या, गोडं पाणी आणि तोल राखण्यासाठी भरलेलं समुद्राचं पाणी. वरचे मजले त्या मानाने हलके. शिवाय जहाजाची रुंदी त्याला आधार देते. त्यामुळे उंच दिसणारं जहाज अस्थिर असतं, हा केवळ दृष्टिभ्रम आहे.

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सात हजारांवर प्रवासी आणि दोन हजारांवर कर्मचारी, इतकी माणसं भर समुद्रात वाचवणार कशी? टायटॅनिकवर सुमारे 2,200 माणसं होती आणि वीस होड्यांमध्ये जागा होती 1,178 जणांना. त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून 1914 मध्ये लंडनला समुद्रावरील जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो सुधारत सुधारत आजही लागू आहे. लांबच्या सफरीवरच्या प्रवासी जहाजावर आता लाइफबोटी आणि तराफे मिळून माणसांपेक्षा जास्त जागा ठेवावी लागते. कर्मचाऱ्यांची कवायत दर आठवड्याला घ्यावी लागते. 1 जुलै 2010 नंतर बांधलेल्या मोठ्या प्रवासी जहाजांसाठी तर आणखी पुढचा नियम आहे : ठरावीक मर्यादेपर्यंत आग लागली किंवा पाणी शिरलं, तरी जहाजाला स्वतःच्या बळावर बंदर गाठता आलं पाहिजे. सर्वांत मोठी लाइफबोट म्हणजे जहाज स्वतः, हे त्यामागचं सूत्र.

"चैनीच्या जहाजात पैसा झुंबरांवर जातो, सुरक्षेवर नाही," असाही एक सूर ऐकू येतो. त्याला आपल्याच किनाऱ्याने उत्तर दिलेलं आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती चैनीची बोट नव्हती. चाकरमान्यांची, कोळ्यांची, सणाला घरी निघालेल्यांची होती. तिच्यावर संकटाची खबर द्यायला बिनतारी यंत्रसुद्धा नव्हतं. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हाही लाइफजॅकेटचा प्रश्न ऐरणीवर आला. मोठ्या जहाजांवर जी शिस्त सक्तीची आहे, ती साध्या लाँचवर पोहोचवणं, हे खरं काम आहे. श्रीमंतांच्या सफरीला दूषणं देऊन ते होणार नाही.

इथवर मी जहाजांची बाजू घेतली. आता माझ्या हौशी मित्रांना दोन शब्द. "जहाज नवं, म्हणजे सुरक्षित" हे तुमचं म्हणणं इतिहासात टिकत नाही. टायटॅनिक पहिल्याच सफरीवर होती. 'व्हायकिंग स्काय' हे 2017 चं जहाज. 23 मार्च 2019 रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात त्याची इंजिनं बंद पडली आणि सुमारे 1,370 जणांसह ते खडकांकडे वाहत गेलं. साडेचारशेहून अधिक प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. सगळे वाचले. पण कारण काय निघालं? इंजिनांतलं वंगणतेल कमी होतं. चारांपैकी एक जनित्र आधीच बंद होतं. यंत्रणा कितीही आधुनिक असली, तरी तेलाची पातळी कुणीतरी माणसानेच राखायची असते.

आणि 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'? जहाज अवघं सहा वर्षांचं. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाला अगदी खेटून नेताना ते खडकावर आपटलं. जहाज सोडण्याचा हुकूम सुटायला तासाहून अधिक वेळ गेला. तोवर जहाज इतकं कललं, की अनेक लाइफबोटी खाली सोडणं अवघड झालं. 32 माणसं गेली, त्यांत मुंबईचा एक कर्मचारीही होता. कप्तान फ्रान्चेस्को स्केत्तीनो यांना सोळा वर्षांची शिक्षा झाली. होड्या पुरेशा होत्या, वेळ दवडला गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची तर कवायतही झाली नव्हती, कारण तेव्हाचा नियम चोवीस तासांची सवलत देत होता. पुढे नियम बदलला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घ्यावी लागते.

माझं म्हणणं या कवायतीशी येऊन थांबतं. करोनाच्या साथीनंतर अनेक जहाजांवर सर्वांना एकत्र जमवण्याची जुनी पद्धत मागे पडली. आता मोबाइलवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर चित्रफीत पाहायची आणि सवडीने आपल्या ठिकाणी जाऊन हजेरी लावायची. प्रवाशांना ही सोय फार आवडते. मला ती पटत नाही. एका सफरीत शेजारच्या केबिनमधला टीव्ही चित्रफीत दाखवत होता आणि मंडळी वरच्या डेकवर होती. गर्दी कशी सरकते, जिन्यात कुठे अडते, म्हाताऱ्या माणसाला किती वेळ लागतो, हे गर्दीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एकत्र कवायत पुन्हा सुरू झाली पाहिजे.

तिथे आणखी एक गोष्ट कळते. सकाळी चहा आणून देणारा आणि खोली आवरणारा मुलगाच तिथे आपली हजेरी घेतो. जहाजावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला संकटातलं काम नेमून दिलेलं असतं. यांत गोव्याची, कोकणची, मुंबईची मुलं पुष्कळ असतात. कवायतीत त्याचं न ऐकणारा प्रवासी खऱ्या संकटातही ऐकणार नाही आणि त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागेल.

समुद्राचा आनंद घ्या, जरूर घ्या. मोठ्या जहाजाला भिऊ नका आणि नव्या जहाजावर विसंबू नका. चढल्यावर बॅग उघडण्याआधी आपलं मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमण्याची ठरलेली जागा, शोधा. केबिनपासून तिथवर घरातल्या सर्वांना घेऊन एकदा चालत जा, लिफ्टने नाही, जिन्याने. आणि सात आखूड भोंगे व एक लांब, हा संकटाचा इशारा ऐकू आला, की हातातलं सगळं टाकून त्याच वाटेने निघा.