ड्रिफ्टची पहिली गाडी : चकाकी नको, सुटे भाग पाहा

(एका कापड व्यापाऱ्याकडून, वटार, ता. वसई)

रिमोटवर चालणाऱ्या गाडीचा विषय तिजारतीच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. विषय खेळण्याचा असला तरी पैसा बापाच्या खिशातला आहे आणि तो बहुतेक वेळा माल न पारखता खर्च होतो. आमच्या वटार, बोळींज, नालासोपारा भागातील मुले मोबाईलवर ड्रिफ्टच्या गाड्या पाहतात आणि घरी हट्ट धरतात. बाप मुंबईला माल भरायला जातो तेव्हा क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीतून चकचकीत गाडी आणतो. आठ दिवसांत ती बंद पडते, दुरुस्त होत नाही आणि माळ्यावर जाते. हे नुकसान टाळता येते. कापडाचा व्यापारी ताग्याची उजवी बाजू पाहून थांबत नाही, तो उलटी बाजूही पाहतो. इथेही तेच करायचे आहे.

ड्रिफ्ट म्हणजे वळणावर गाडीची मागची चाके मुद्दाम घसरवायची आणि पुढची चाके घसरण्याच्या दिशेने, म्हणजे वळणाच्या उलट धरून गाडी ताब्यात ठेवायची. हा प्रकार जपानच्या घाटरस्त्यांवर वाढला. आखातात नोकरी केलेल्या आपल्या लोकांना त्याचे दुसरे रूपही ठाऊक आहे. तिथे त्याला 'तफहीत' म्हणतात आणि त्यात तरुण मुले जिवाला मुकतात. सौदी सरकारने २०१६ मध्ये पहिल्याच गुन्ह्यासाठी २० हजार रियाल दंड ठरविला आणि गाडी जप्त करण्याची तरतूद केली. आपल्याकडेही मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकल आडवी करणारी पोरे आहेत. त्यांचे हात रिमोटवर वळले तर मला त्यात वाईट काही दिसत नाही. उलट यात हुनर आहे. अट एवढीच की गाडी शिकण्यासारखी हवी.

बाजारात दोन जातीचा माल आहे. एक खेळण्याच्या दर्जाचा आणि दुसरा हॉबीच्या दर्जाचा. खोक्यावर दोन्हींच्या 'ड्रिफ्ट' लिहिलेले असते, पण आतला माल वेगळा. खेळण्याच्या गाडीत चाक एकदम पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे वळते, मधले काही नसते. वेगाचेही तसेच, चालू किंवा बंद. अशा गाडीवर ड्रिफ्ट शिकता येत नाही, कारण ड्रिफ्टचा सगळा खेळ चाक थोडे कमी, थोडे जास्त वळविण्याचा आहे. म्हणून दुकानात पहिली परीक्षा ही करा : रिमोटचे चाक अगदी हळू फिरवा. गाडीची चाके तितकीच हळू वळली तर पुढे बोला. झटका देऊन टोकाला गेली तर खोके बंद करून परत द्या.

दुसरी परीक्षा सुट्या भागांची. दुकानदाराला सरळ विचारा, या गाडीचा गिअर, पुढचा आर्म, मोटार आणि चाक वळविणारा सर्व्हो सुटा मिळतो का? नवशिक्याची गाडी भिंतीवर आपटणारच. ज्या गाडीचा भाग मिळत नाही ती गाडी स्वस्त असली तरी महाग आहे. शिवणयंत्र घेताना आपण सुई आणि बॉबीन कुठे मिळते ते आधी विचारतो, तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट चाकांची. ताकद फक्त मागच्या चाकांना देणारी गाडी खऱ्या ड्रिफ्टच्या जवळची, पण नवशिक्याच्या हातात ती जागच्या जागी भोवरा होते. तिला सांभाळण्यासाठी जायरो नावाचे छोटे यंत्र लावतात. गाडी फिरू लागली की ते पुढची चाके आपोआप उलट वळविते. योकोमो कंपनीची वायडी-२ ही त्या जातीची. हौस पक्की झाल्यावर ती घ्यावी. पहिली गाडी चारही चाकांना ताकद देणारी बरी. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीची टीटी-०२डी ही १:१० मापाची गाडी अशीच आहे. ती सुट्या भागांत येते आणि घरी जोडावी लागते, त्यामुळे मुलाला यंत्र आतून कळते. मात्र रेडिओ, सर्व्हो, बॅटरी व चार्जर बहुधा वेगळे घ्यावे लागतात. खोक्याचा भाव ऐकून खूश होऊ नका, हा सगळा हिशेब जोडा. कापड स्वस्त आणि शिलाई महाग असा प्रकार व्हायचा. सर्व सामानासह १:१० ची गाडी पाच आकड्यांत जाते. एवढे परवडत नसेल तर चीनच्या डब्ल्यूएलटॉइजची के९६९ ही १:२८ मापाची, तळहातावर मावणारी गाडी पाहावी. तिचीही चारही चाके ओढतात, चाक हवे तेवढेच वळते आणि घराच्या लादीवर ती चालते.

मोठ्या वेगाच्या मागे लागू नये. ड्रिफ्टच्या गाडीचे टायर मऊ रबराचे नसून कडक प्लॅस्टिकचे असतात. पकड कमी, म्हणून कमी वेगातही गाडी घसरते. साधी ब्रश मोटार सुरुवातीला पुरे.

आता आमच्या किनाऱ्याची बाब. राजोडी-कळंबकडून वाळू आणि खारा वारा येतो. बारीक रेती गिअरमध्ये गेली की दात खाते आणि खारी हवा बेअरिंग गंजविते. म्हणून ही गाडी वाडीत किंवा समुद्रकाठी चालवू नका. घोटलेला कोबा, गुळगुळीत लादी, गच्चीचा झाडून घेतलेला भाग ही तिची जागा. मधोमध एक करवंटी ठेवून तिच्याभोवती गोल फिरवायचा सराव करावा. डावा गोल जमला की उजवा, मग दोन करवंट्या ठेवून इंग्रजी आठचा आकडा. हे जमेपर्यंत मोटार बदलण्याचा विचारही नको.

बॅटरीबाबत बेफिकिरी चालणार नाही. ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राईड बॅटरी नवशिक्याला सोयीची. ७.४ व्होल्टची लिथियम-पॉलिमर हलकी आणि जोरदार, पण तिचा एक सेल ४.२ व्होल्टच्या वर गेला तर आग लागू शकते. तिला तिचाच बॅलन्स चार्जर हवा. गादीवर, कपड्यांच्या ढिगाजवळ किंवा सर्व झोपलेले असताना ती चार्ज करू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ज्यांच्या घरीच कापडाचा माल भरलेला असतो त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

भाव एवढा का, असे विचाराल तर त्याचे एक कारण जकात. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. लहान मुलासाठी गाडी घ्याल तर ते चिन्ह पाहून घ्या. अनेक हॉबी गाड्यांच्या खोक्यावर १४ वर्षांवरील वय छापलेले असते, त्यांच्याजवळ लहान मुलाला एकटे सोडू नये.

शेवटी आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना दोन शब्द. दुकानदाराने खेळण्याची गाडी ड्रिफ्टची म्हणून विकू नये. मालाचा ऐब आधी सांगितला तर गिऱ्हाईक आज परत जाईल, पण उद्या पुन्हा तुमच्याच पायरीवर येईल. दहा नव्या गाड्यांबरोबर थोडे गिअर, बेअरिंग आणि आर्म ठेवा, नफा त्यात टिकतो. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत आपले कितीतरी लेथवाले आहेत. पूर्वी हौशी लोक पीव्हीसी नळीची कडी कापून चाकावर चढवीत आणि त्यावर ड्रिफ्ट करीत. तशी कडी मापात कातून देणे आपल्या लेथवाल्याला अवघड नाही. झाळकाम जाणणाऱ्या मुलाला या गाड्यांच्या वायरी आणि मोटारीचे काम शिकायला वेळ लागणार नाही. माळ्यावर पडलेल्या गाड्या खाली उतरवून चालू करून देणारा माणूस प्रत्येक वस्तीत हवा आहे. तो आपल्यातलाच का नसावा?