शनिवार-रविवारची रेल्वे आणि आमची मुलं

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकणारी आमची मुलं सुट्टीला रेल्वेने फिरतात, फोटो टाकतात. लगेच खाली प्रश्न: सरकारच्या पैशावर मजा चाललीय का? तुमची मुलं फिरली की ‘एक्स्पोजर’, आमची फिरली की उधळपट्टी!

तिकडच्या डब्यात शेजारचा माणूस जात विचारत नाही. (आपले सवर्ण तिकडेही आडनाव विचारतात, ते वेगळं.) युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच पुसली गेली होती, असं बाबासाहेबांनी लिहिलंय. 1917 ला बडोद्यात उतरले, तर राहायला जागा मिळेना. 1934 ला सहकाऱ्यांसह ते आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळचा दौलताबादचा किल्ला पाहायला आले. म्हणजे सहलच ती. हौदावर हात-तोंड धुतलं म्हणून ‘पाणी बाटवलं’ असा गोंधळ झाला. आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला.

फिरणं हा आमच्यासाठी चैनीचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. हिशेबच मागायचा तर आम्ही सरकारकडे मागतो: सगळ्या महाराष्ट्राला जागा 75 च का? निर्वाह भत्ता रखडतो का? नागसेनवनातल्या मुला-मुलींनो, फॉर्म भरा. आणि गेलात की फिरा, फोटोही टाका.