मामाची परीक्षा आणि 'ध'चा 'मा'

मंडळी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे महिनाभर लिहिणं बंद होतं. आज लिहितेय ते थोडं रागाने लिहितेय. ज्याच्यावर राग आहे तो हा ब्लॉग नेमाने वाचतो, त्यामुळे निरोप वेगळा पाठवायला नको.

गौरीजेवणाला आम्ही सगळे भावाकडे जमलो होतो. माझा भाचा (आता पन्नाशीला आला, पण आमच्यासाठी भाचाच) फॉर्म्युला वनचा जुना भक्त. २०११ साली ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली शर्यत झाली, ती पाहायला हा खास रजा काढून गेला होता. तिथली टोपी अजून काचेच्या कपाटात असते. त्या टोपीला कुणी हात लावायचा नाही!

माझी नात सतरा वर्षांची. तिलाही अलीकडे या गाड्यांचं वेड लागलंय. पंगतीत ती लँडो नॉरिसबद्दल काहीतरी उत्साहाने सांगायला लागली, तर मामा म्हणाला, "सिरीज बघून आलीस ना तू?" आणि मग भर पंगतीत परीक्षा सुरू. सेना कोण होता? कुठल्या ट्रॅकवर गेला? अंडरकट म्हणजे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तिने दिली, तिसऱ्याला अडखळली. "बघा! यांना रेस नको असते, सिरीयल हवी असते," असं म्हणून मामा हसला, बाकीचेही हसले. पोरगी पुरणपोळी तशीच टाकून उठली.

पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला मी. परीक्षा शिकवण्यासाठी घेतली आहे की हिणवण्यासाठी, हे मला लांबून ओळखू येतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सिरीजचं नाव 'ड्राइव्ह टु सर्व्हाइव्ह'. नेटफ्लिक्सवर मार्च २०१९मध्ये पहिला भाग आला, त्यात २०१८च्या हंगामाची हकिगत होती. मर्सिडीज आणि फेरारी या दोन बलाढ्य संघांनी त्या वर्षी कॅमेऱ्याला आत घेतलं नाही, त्यामुळे मागच्या रांगेतल्या संघांना चांगलीच जागा मिळाली. हास संघाचे तेव्हाचे प्रमुख गुंथर स्टायनर घरोघरी पोचले ते असे. (त्यांच्या शिव्यांचं भाषांतर नात मला करून देत नाही. मीही आग्रह धरत नाही.)

आता जुन्या चाहत्यांची तक्रार. ती खोटी नाही, हे आधीच कबूल करते. मॅक्स व्हरस्टॅपनने २०२१ साली उघड सांगितलं की हे लोक नसलेली भांडणं तयार करतात, म्हणून मी मुलाखत देणार नाही. पुढे बोलणी झाली आणि तो परतला, ती गोष्ट वेगळी. २०२२ साली नॉरिसनेही तक्रार केली, की दोन गाड्या शेजारी-शेजारी दाखवल्या आहेत त्या त्या जागी शेजारी नव्हत्याच, ते चित्रण दुसरीकडचं आहे.

याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे. 'ध'चा 'मा' करणे. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३चा. पत्रातल्या 'धरावे'चं 'मारावे' झालं ही आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. चित्र खरं, माणूस खरा, पण जागा बदलली की अर्थ बदलतो. माहितीपट म्हणवून घ्यायचं आणि हे करायचं, याला मी करमणूक म्हणणार नाही. लबाडी म्हणेन.

पण मग रागवायचं कुणावर? कात्री ज्याच्या हातात होती त्याच्यावर, की जिने ते विश्वासाने पाहिलं तिच्यावर? आमचे जुने भक्त सिरीजला दोन शिव्या देतात आणि सिरीज बघून आलेल्यांना दोनशे. त्यातून मुलगी असेल तर विचारूच नका! तिला ड्रायव्हर देखणा वाटतो म्हणून ती बघते, हे यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. शुमाकरची पोस्टर्स भिंतीवर लावणारे मुलगे तेवढे टायरच्या अभ्यासासाठी लावत होते!

आणि भाच्या, आता तुझ्या सेनाबद्दल. १९९४ साली इमोलाला तो गेला, तेव्हा तू शर्यती बघायला नुकती सुरुवात केली होतीस. तुला जो सेना माहीत आहे तो बराचसा आसिफ कपाडियांच्या २०१०च्या माहितीपटातला. माझ्याकडे बसून तूच लावला होतास, शेवटी डोळे पुसले होतेस. सुंदर चित्रपट आहे, सगळा जुन्या चित्रणातून जोडलेला. पण त्यात अलँ प्रॉस्ट जवळजवळ खलनायक होऊन बसलाय, आणि त्याबद्दल त्याने स्वतः नाराजी व्यक्त केली आहे. ज्या माणसाने सेनाच्या शवपेटीला खांदा दिला, तो हा प्रॉस्ट. मग तूही चित्रपट बघूनच आलास की रे! तुझी परीक्षा कुणी घेतली?

आणखी एक आरोप असतो, की या नव्या लोकांनी वातावरण नासवलं. डिसेंबर २०२१मध्ये अबुधाबीला शेवटच्या शर्यतीत निकोलस लतीफीची गाडी भिंतीला धडकली, सेफ्टी कार आली, आणि शेवटच्या एका फेरीत हॅमिल्टनच्या हातचं विजेतेपद व्हरस्टॅपनकडे गेलं. त्या बिचाऱ्या लतीफीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. नियम लावताना माणसाकडून चूक झाली, हे पुढे एफआयएच्या अहवालातच आलं, ती चूक लतीफीची नव्हती. धमक्या देणारे नवे किती नि जुने किती, हे कुणी मोजलंय? २००८ साली बार्सिलोनाला सरावाच्या वेळी तोंडाला काळं फासून हॅमिल्टनची टर उडवणारे प्रेक्षक तर सिरीज बघून आले नव्हते ना? ती जन्माला यायला अकरा वर्षं होती.

ऑगस्ट १९७१. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, आणि इंग्लंडमध्ये आपण पहिली कसोटी जिंकलो. मी एकोणीस वर्षांची. तोवर मैदान डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, जे काय क्रिकेट कळत होतं ते रेडिओवरचं. गुगली म्हणजे काय, असं मी विचारलं, तर माझा भाऊ, म्हणजे भाच्या, तुझे बाबा, मित्रांसमोर खो खो हसले होते. मी पुन्हा कधी काही विचारलं नाही. क्रिकेट ऐकणंही हळूहळू सुटलं. बीए झाले, इतिहास शिकवला, पण गुगली मला आजही नीटशी सांगता येत नाही.

नातीने मात्र विचारणं सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने अंडरकट शोधून काढला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन कप नि बशा मांडून मला समजावला. मागचा कप आधी आत जाऊन नवे टायर घालतो, त्या ताज्या टायरवर दोन फेऱ्या जोरात काढतो, आणि पुढचा कप टायर बदलून बाहेर येईपर्यंत हा त्याच्या पुढे निघालेला असतो. एक बशी फुटली.

पुढच्या रविवारी रेस आहे. ती माझ्याकडे येणार आहे. भाच्या, तूही ये, साबुदाणावडे करते. येताना कपाटातली टोपी घेऊन ये, आणि ती तिला घालून बघू दे.